विमा माझा, मोबाईल साडूचा

तीर्थस्वरूप पितांबर मामा,
मुक्काम तळोदा.

कळसाडीहून तुमचा भाचेजावई रतिलाल याने वाकून केलेला नमस्कार पोचावा. तुमच्या गुडघ्यांचं काय चाललंय ते आधी कळवा. मागे मंगलाने पाठवलेलं तेल लावता की तसंच फडताळात पडलंय? मामींची साखर कमी झाली असेल अशी आशा करतो. आमच्याकडे पपई उतरायला लागली आहे, कापूस बरा आहे, ऊस उभा आहे, तुमची भाची मंगला तब्येतीने ठणठणीत आहे आणि तिचा आवाज तर फारच ठणठणीत आहे. एकूण सगळं क्षेम आहे, फक्त माझी झोप गेली आहे. (हे सगळं मोबाईलवर टाकलं असतं, पण आपल्या घरच्या ग्रुपवर माझा साडू हेमकांत आहे. म्हणून कागद घेतला. पत्र वाचून झालं की कपाटात ठेवा, चुलीत घातलंत तरी चालेल.)

मामा, तीन वर्षांपूर्वीचा दसरा आठवा. ब्राह्मणपुरीला माझ्या सासरवाडीच्या अंगणात माझ्या मेहुण्याची, नवनीतची, नवी पांढरी गाडी उभी, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि आहेर पुकारायला माईक हातात घेऊन तुम्ही. आपल्या लोकांत पुकारल्याशिवाय आहेर दिल्यासारखा वाटतच नाही, हे तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही चाळीस वर्षं पुकारताय. तर तुम्ही पुकारलंत, शहाद्याचे धाकटे जावई हेमकांत यांच्याकडून गाडीत ठेवायला चांदीचा गणपती. झालं, सगळ्या बायका गणपती बघायला पुढे सरकल्या. माझ्या खिशात होतं पाचशे एकचं पाकीट. मी थोरला जावई, आणि माझं पाकीट त्या गणपतीच्या शेजारी ठेवायचं? माझ्या पोटात जे जळलं ते आजपर्यंत विझलेलं नाही. मी तुमच्या कानात सांगितलं आणि तुम्ही माईकवर सांगितलंत, कळसाडीचे थोरले जावई रतिलाल यांच्याकडून गाडीचा पूर्ण विमा. टाळ्या पडल्या. नवनीतने मला मिठी मारली. ती मिठी मला किती वर्षं पुरवून खायची आहे, हे तेव्हा कळलं नाही.

विमा एजंट जालमसिंग तिथेच जेवायला आलेला. त्याने बासुंदीची वाटी बाजूला सारून मोबाईलवर फॉर्म भरायला घेतला. मोबाईल नंबर विचारला तेव्हा माझा मोबाईल मंगलाच्या हातात होता, मी नारळ फोडतानाचे फोटो काढायला. (फोटोत नारळ आहे, हात आहे, मी नाही.) तेवढ्यात हेमकांत पुढे झाला आणि म्हणाला, मन्हा नंबर टाकी द्या, कसाले खोळंबा. मला ते त्याचं मोठेपण वाटलं. पुढे पैसे भरताना बँकेचा आकडा माझ्या मोबाईलवर आला, तो मंगलाने तुळशीपासून ओरडून सांगितला, पन्नास माणसांनी ऐकला. म्हणजे पैसे माझे, याला साक्षीदार पन्नास. आणि फॉर्ममध्ये एक चौकोन होता, दरवर्षी आपोआप नूतनीकरण, त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. जालमसिंग म्हणाला की ती असतेच. मीही म्हटलं, असते तर असू दे. जेवायच्या पंगतीत कोण चौकोन वाचत बसतो?

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या चार दिवस आधी माझ्या खात्यातून पैसे गेले. मला वाटलं खताच्या दुकानाचे असतील. त्याच संध्याकाळी सासरवाडीच्या ग्रुपवर हेमकांतने एक मेसेज पुढे ढकलला. अभिनंदन, आपल्या वाहनाच्या विम्याचं नूतनीकरण झालं आहे. खाली त्याने स्वतःचे दोन शब्द घातले, नवनीतभाऊ, काळजी नको. आणि हात जोडलेले. बस्, एवढंच. मी भरले असं तो कुठेही म्हणाला नाही. पण ग्रुपवर जो पूर आला तो तुम्हीही पाहिला असेल. (मामींनी तीन फुलं टाकली होती, मी मोजली.) सासूबाई रेवाबाई यांनी आवाज पाठवला, की जावई असावा तर असा. मामा, त्या घरात जावई दोन आहेत. एक असा, म्हटल्यावर दुसरा कसा, हे न सांगता सांगितल्यासारखंच झालं.

तेव्हापासून हेमकांतच्या पानात तूप दोनदा पडतं. नवनीत त्याला शहाद्याहून आणायला गाडी पाठवतो आणि मला सांगतो, दाजी, एसटी बरी पडेल, फाट्यावरच थांबते. मागच्या दिवाळीत आम्ही सगळे प्रकाशा गावी देवदर्शनाला निघालो. पुढच्या सीटवर हेमकांत, गार हवा सोडणारी जाळी थेट त्याच्या मिशांवर, आणि मी मागे, मांडीवर पपईचा खोका, खोक्यावर नवनीतच्या मुलीची, रुचिकाची, पर्स. गाडीला खरचटलं तर भरपाई माझ्या विम्यातून, आणि गार हवा त्याच्या मिशांना. मला त्याचा हेवा वाटतो मामा, लपवून काय करू? आधी त्याच्या नोकरीचा वाटायचा, मग त्याच्या चांदीच्या गणपतीचा, आता माझ्याच पैशांचा हेवा मी करतोय. असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नसेल.

गेल्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला की यंदाही दसऱ्याआधी रक्कम कापली जाईल. मी ठरवलं, बास. कंपनीला फोन लावला. आधी वीस मिनिटं सनई ऐकवली, मध्येमध्ये मी किती मोलाचा ग्राहक आहे ते सांगत होते. (सासरवाडीत हे कोणी सांगत नाही म्हणून मी ऐकत राहिलो.) मग एक बाई आल्या, फार गोड बोलल्या. नूतनीकरण बंद करायचं तर नोंदवलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतील, ते सांगा. मी म्हटलं, ताई, तो मोबाईल माझ्या साडूचा आहे. त्या म्हणाल्या, मग साडूंना बोलायला सांगा. मी म्हटलं, त्यालाच तर कळू द्यायचं नाही. यावर त्यांनी मला पुन्हा सनई लावून दिली. नंबर बदलायचा म्हटलं तरी आधी जुन्या नंबरवर आकडे येणार. म्हणजे चालू व्हायला माझं एक ‘असू दे’ पुरलं आणि बंद व्हायला हेमकांतची परवानगी लागते.

शेवटी रविवारी पपईचा खोका घेऊन मी हेमकांतच्या घरी शहाद्याला गेलो. बेत असा, की त्याचा मोबाईल झोपाळ्यावर पडलेला असतो, मी गच्चीवरून कंपनीला फोन करायचा, आकडे आले की खाली येऊन सहज डोकवायचं. गच्चीवर त्याच्या बायकोने, रुपाने, मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यात बसून मी सनई ऐकली, शिंका दाबल्या, आकडे पाठवा म्हटलं आणि धावत खाली आलो. हेमकांत मोबाईल हातात घेऊन चष्मा शोधत होता. मी म्हटलं, आणा, मी वाचून देतो. त्याने मोबाईल छातीशी धरला आणि मलाच समजावलं, की असा नंबर कोनलेच सांगानं नही, साडूभाऊ, लोके खातं रिकामं करी टाकतस. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो मेसेज पुसला. वर रुपाला सांगून मला लिंबू सरबत दिलं, कारण माझे डोळे मिरचीने लाल झाले होते आणि त्याला वाटलं मला ऊन लागलं.

तुम्ही म्हणाल, नवनीतला सरळ का सांगत नाही. काय सांगू? तुझ्या गाडीचा आहेर मी दरवर्षी देतोय, तो बंद कर? दिलेला आहेर परत मागणाऱ्या जावयाला त्या अंगणात पाणी तरी मिळेल का? मंगलाला बोललो तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, दिधं ते दिधं, आते कसाले जीव जाळी ऱ्हायनात? तिचं बरोबर आहे. पण मामा, दिलं ते मी, हे एका माणसाने तरी म्हणावं. पैसे गेल्याचं मी सोसेन, तूप त्याच्या पानात पडतं ते सोसवत नाही.

असो. तुम्हाला उगाच त्रास दिला. मला काही नको, फक्त मन मोकळं केलं. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
रतिलाल

ता. क. एक छोटंसं काम आहे. दिवाळीनंतर रुचिकाचा साखरपुडा आहे आणि माईक तुमच्याच हातात असणार. आहेर पुकारताना ओघात म्हणालात, की थोरले जावई रतिलाल यांच्याकडून गाडीचा विमा, वर्ष दुसरं, वर्ष तिसरं, तर कोणी हरकत घेणार नाही. माझ्याकडे बघू नका, मी पानात बघत असेन.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घातलं नव्हतं तेवढ्यात काम झालं. शहाद्याच्या बँकेत मॅनेजरबाईंनी एका अर्जावर सही घेतली आणि माझ्या खात्यातून पैसे कापणं बंद केलं. साधा कागद, दोन मिनिटं, सनई नाही. तेव्हा माईकचं राहू द्या, वरचं सगळं विसरा. मी मोकळा झालो, रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसरा ता. क. आज सकाळी नवनीतचा फोन. दाजी, कंपनीना मेसेज उना, पैसा कटनात नहीत. हेमकांतभाऊ म्हनतस, मी भरी देसू, आते पाच वरीस मन्हाकडे. मामा, आता तो खरंच भरणार! म्हणजे आजवर खोटं मिळालेलं तूप यापुढे त्याच्या हक्काचं होणार. मी अंघोळ न करता मोटारसायकल काढली, शहाद्याला जालमसिंगला झोपेतून उठवलं, माझा मोबाईल नंबर घालून नवनीतच्या गाडीचा विमा माझ्या खात्यावर पुन्हा बसवला, पाच वर्षं आपोआप, चौकोनातली खूण या वेळी मी स्वतः केली. तेव्हा साखरपुड्याला पुकारा पाच वर्षांचा करा.

परत येताना फाट्यावर पोलिसाने अडवलं. विमा आहे का, म्हणाला. मी ऐटीत खिशातून ताजा कागद काढून दिला. त्याने तो नीट वाचला आणि म्हणाला, काका, हा पांढऱ्या मोटारीचा आहे, तुमच्या या मोटारसायकलचा कुठे आहे? तो दोन वर्षांपूर्वीच संपला होता, त्याला कोणी आपोआप चालू केलं नव्हतं. मी पावती फाडून घेत उभा असताना नवनीतची गाडी शेजारून गेली. पुढच्या सीटवर हेमकांत होता. त्याने काच खाली करून मला हात केला.