युगांडातली माझी कोनशिला

१२ जानेवारी
सान्वीच्या शाळेने युगांडातल्या एका खेड्यातल्या शाळेशी पार्टनरशिप केली आहे. ईस्टरच्या सुट्टीत मुलं आणि काही पालक जाऊन ती शाळा दुरुस्त करणार. मी लगेच हात वर केला. सान्वीला शब्द दिला, आपण दोघं मिळून एक भिंत रंगवू. चौदा वर्षांची पोरगी चक्क ‘प्रॉमिस?’ म्हणाली. एरवी मैत्रिणींसमोर ती मला ओळखही दाखवत नाही.
ऋजुताचं म्हणणं, आधी आपल्या बाथरूमचं छत रंगव, बुरशी आली आहे. बायकोची नजर घरापलीकडे जातच नाही.

२६ जानेवारी
प्लॅन तयार. पहिलं काम, कोनशिला. लोक हे शेवटी ठेवतात आणि मग धावपळ होते. किचनवाल्याकडून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणून माझं नाव कोरून घेतलं : श्री. अंबरीश दामले यांच्या शुभहस्ते.
तिथल्या हेडबाई नाकाटो कळवतात की पत्रे गळतात आणि पाण्याची टाकी हवी. टाकी! व्हिजन म्हणून काही नाहीच. मी भित्तिचित्र सुचवलं.

१५ फेब्रुवारी
यलो फीव्हरची लस कंपल्सरी, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. सगळ्यांना रिमाइंडर धाडले. सान्वी घाबरली म्हणून ऋजुताने आधी स्वतः टोचून घेतली. काय बाई हा भित्रेपणा.
मी पुढच्या आठवड्यात. सुईला कोण भितंय! ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे.

८ मार्च
क्लिनिकपर्यंत गेलो. पार्किंग मिळालं नाही. म्हणजे मिळालं, पण जरा तिरकं होतं.

२ एप्रिल
लस घेतली. नर्सने पाय वर करून झोपवलं, ज्यूस पाजला. सगळ्यांनाच देत असणार.
सहा तारखेला निघायचंय. थोडं इकडेतिकडे होतंच, टीचरशी बोलून घेईन.

४ एप्रिल
टीचर ऐकत नाहीत. ग्रुप बुकिंगमध्ये नाव बदलता येतं म्हणे. ऋजुता शाळेत वाचन घ्यायला जाते, तिचे मुलांसोबत काम करायचे पोलिस चेक्स झालेले, लसही झालेली. ती जाणार.
सान्वीला समजावलं, लीडरला बेसवर थांबावं लागतं. ती म्हणाली, इट्स फाइन, बाबा. रडली असती तर बरं वाटलं असतं.
कोनशिला ऋजुताच्या बॅगेत भरली. तिचे चार ड्रेस काढावे लागले.

११ एप्रिल
व्हिडिओ कॉल आला. दोघी डोक्यापासून पायापर्यंत निळ्या. मायलेकींनी मिळून अख्खी भिंत रंगवली. सान्वी एवढी हसत होती, माझ्याशी बोलताना अशी कधी हसली होती आठवत नाही.
भित्तिचित्र रद्द. पत्रे बदलले, टाकी बसली. मी सहज विचारल्यासारखं कोनशिलेचं विचारलं. सान्वी म्हणाली, बाबा, तुझी फरशी सुपर यूजफुल आहे! नळाखाली चिखल व्हायचा, तिथे बसवली, बादल्या ठेवायला. अक्षरांत माती अडकायची म्हणून उलटी टाकली. नाकाटोबाईंनी खास थँक यू सांगितलंय.
ऋजुताने बाथरूमचं विचारलं. प्लॅनिंग चालू आहे म्हणालो.
फोन ठेवून शिडी लावली, ब्रश घेतला आणि तिसऱ्या पायरीवर तसाच बसून राहिलो. एकट्याने रंगवण्यात काही मजा नाही.