तक्रारवही भरेपर्यंत

४ नोव्हेंबर, सोमवार
ही वही दुकानातली. मागच्या पानांवर जुन्या ऑर्डरी आहेत, पुढची पानं कोरी. उद्या कुणी विचारलं की रेल्वेला वठणीवर कुणी आणलं, तर लेखी पुरावा हवा. म्हणून लिहितोय.

झालं असं. २९ तारखेचं, शुक्रवारचं, सकाळी दहाच्या गाडीचं तिकीट महिन्यापूर्वीच मोठ्या स्टेशनावर जाऊन काढून ठेवलंय. शनिवारी दुपारी गावात, संध्याकाळी धाकट्या बहिणीचा, मिलीचा पंधरावा वाढदिवस. पंधराव्याला पोरीबरोबर पहिला वॉल्ट्झ बाप नाचतो. आमचा बाप तीन वर्षांपूर्वी गेला, म्हणजे नाचायचं मी. तिने वर्षभर हेच धरून ठेवलंय.

आज दुकानाजवळच्या छोट्या स्टेशनावर सहज म्हणून तिकीटवाल्या नेल्दाबाईंना तिकीट दाखवलं. त्या खिडकीत बसून नळीने माते, तो आमचा कडू चहा, ओढत होत्या. म्हणाल्या, पोरा, ही गाडी तुमच्या गावाला, पोसो मिस्तोलला, ऑगस्टपासून थांबत नाही. तिकिटावर पुढच्या शहराचं नाव आहे, वाचलं नाहीस का? मी म्हटलं, तिकीट काढायचं असतं, वाचायचं कशाला.

पुढचं शहर गावाच्या पुढे नव्वद किलोमीटर. शनिवारी बस नाही. मामाच्या पिकअपचं इंजिन अंगणात उतरवून ठेवलंय, त्यात कोंबडी बसते.

ठरलं. गाडी पोसो मिस्तोलला थांबणार. मी थांबवणार.

५ नोव्हेंबर
तक्रारवही मागितली. कायदाच आहे, मागितली की द्यावी लागते. नेल्दाबाईंनी ती किटलीखालून काढली. वर गोल डाग.

पहिली तक्रार: तीन ओळी, चाळीस मिनिटं. शाळा मी सहावीत सोडली, पण अक्षर दणदणीत आहे. नेल्दाबाईंनी वाचली. म्हणाल्या, राग दिसतोय, गावाचं नाव कुठाय?
वरच्या बाजूला बारीक लिहून टाकलं.

७ नोव्हेंबर
उत्तर नाही. दोन दिवस झाले. साहेब लोक हादरून विचार करत असतील.

नेल्दाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, उत्तर कसलं, वही भरली की मगच वर जाते. नियम आहे. एकशे साठ पानांची वही, नऊ वर्षांत एकाहत्तर भरली होती, बहात्तरावं माझं. म्हणजे अजून अकरा वर्षांनी तुझा नंबर लागेल, मिली तोवर आई झाली असेल.

हसल्या. मी नाही हसलो. हिशेब केला. उरली अठ्ठ्याऐंशी पानं. रोज सकाळी दोन, संध्याकाळी तीन. रेल्वेला वाटलं असेल गरीब माणूस कंटाळेल. रेल्वे मला ओळखत नाही.

११ नोव्हेंबर
पान ८३ पर्यंत आलो. मनगट धरलंय.
थांब्याबद्दल एका माणसाने किती लिहायचं? बाकीचे विषयही घेतले. बाक मोडका. कबुतरं. घड्याळ चार वीसवर बंद (हे मला चार वीसला गेलो तेव्हा कळलं नव्हतं, उलट कौतुक वाटलं होतं). अक्षर मोठं केलं. नेल्दाबाई म्हणाल्या, एका पानावर चार शब्द? मी म्हटलं, अक्षराच्या मापाचा नियम दाखवा. त्यांनी किटली चढवली.

आईला फोन. आई म्हणाली, एपिफानियोकाकांना सांगितलंय, ते बघतो म्हणाले.
मला हसू आलं. एपिफानियोकाका म्हणजे आमच्या गावचे स्टेशनमास्तर. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, गाडी थांबायची बंद झाली, तरी टोपी घालून फलाटावर खुर्ची टाकतात आणि न थांबणाऱ्या गाडीला झेंडा दाखवतात. दुपारी तिथेच घोरतात. असल्या माणसांमुळेच रेल्वे बुडाली.
पान ८३ त्यांच्यावरच लिहिलं. नाव घालून. ‘झोपाळू, निरुपयोगी, फुकट टोपी घालतो.’ आजपर्यंतचं सगळ्यात चांगलं पान.

१५ नोव्हेंबर
मालकांकडे रजा मागितली. आमचं ताज्या पास्त्याचं दुकान, आणि २९ तारीख म्हणजे न्योकीची. सगळा देश त्या दिवशी न्योकी खातो, ताटाखाली नोट ठेवतो, म्हणजे पुढचा महिना बरा जातो. म्हणजे आम्ही पहाटेपासून बटाटे उकडा, मळा, एकेक गोळी काट्याच्या पाठीवरून वळवा. चारशे किलो. रिनाल्दी मालक म्हणाले, त्या दिवशी तुझी आजी वारली तरी तिला तीस तारखेपर्यंत थांबायला सांग.

मी ठामपणे बोलायचं ठरवलं होतं. ठामपणे बाहेर आलो.

१६ नोव्हेंबर
मालकच म्हणाले, जा. काल रात्री बायकोला सांगितलं तर तिने जेवायला वाढलं नाही म्हणे. वर आमच्या प्रांतावर टोमणा: तुम्ही सांतियागोवाले तसेही झोपाच काढता, एक जण कमी झाला तर कळणार पण नाही.
माझ्या ठामपणाचा परिणाम उशिरा होतो, पण होतो.

१९ नोव्हेंबर
पान ११८.
वॉल्ट्झची प्रॅक्टिस सुरू. जोडीला बटाट्याचं पोतं, पंचवीस किलो. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पोतं पाऊल चुकत नाही, मीही नाही. मालकांनी दारातून बघितलं, आल्या पावली परत गेले. भारावले असावेत.

२२ नोव्हेंबर
विषय संपले. मग फलाटावरच्या लोकांना म्हटलं, तुमचं काही असेल तर सांगा, मी लिहितो. रांग लागली. एका आजींनी चार पानं सांगितली, सगळी जावयाबद्दल. मी विचारलं, यात रेल्वे कुठे आहे? म्हणाल्या, तो रेल्वेनेच आला होता.
पान १४६. जनता माझ्या पाठीशी आहे.

२५ नोव्हेंबर
भरली! पान १६०. शेवटची ओळ: ‘आता तरी थांबवा.’
नेल्दाबाईंनी शिक्का मारला, दोरी बांधली, रेल्वेच्या टपालात टाकली. मग म्हणाल्या, वर तक्रारींचे एकच साहेब आहेत, ते महिन्यात एकदाच ऑफिसला येतात, २९ ला, पगाराच्या दिवशी. असल्या साहेबांना लोक न्योकीच म्हणतात.
म्हणजे २९ ला वही साहेबांच्या टेबलावर. घाम फुटणार त्यांना.

२७ नोव्हेंबर
आईचा फोन. एपिफानियोकाका म्हणतात काम झालंय, पोराला सांग गुपचूप गाडीत बस.
म्हाताऱ्याच्या शब्दावर गाडी थांबते होय? कागद लागतो. शिक्का लागतो. आईला कोण समजावणार.

माझा प्लॅन: साहेबांचं ऑफिस मोठ्या स्टेशनाच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर. २९ ला पावणेनऊला जायचं, थांब्याचा लेखी आदेश हातात घ्यायचा, मग ऐटीत गाडीत. नेल्दाबाई म्हणाल्या, असलं काही करू नकोस, आधी गाडीत बस. त्याही रेल्वेच्याच. घाबरल्यात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ७.३०
निघालो. मालकांनी चार किलो न्योकी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये बांधून दिल्या, मिलीसाठी. म्हणाले, पोत्याबरोबर नाचलास तसा नाचू नकोस, पोरीला श्वास घेऊ दे.

८.४५
ऑफिस. माझ्या पुढे सहा जण. सगळे महिनाभर थांबलेले.

९.३०
साहेब आले. सगळ्यांशी हस्तांदोलन. मग माते. उकाडा भयंकर. न्योकींना घाम आलाय.

९.५०
आता माझ्या पुढे एकच. खिडकीतून गाडी दिसते, फलाटावर उभी आहे. दहाची म्हणजे साडेअकराची. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा पावणेदोनला सुटली होती. माझ्याइतकी ही रेल्वे कुणाला ठाऊक नाही.

१०.४०
पायरीवर बसून लिहितोय.

आत गेलो. भाषण पाठ केलं होतं. नाव सांगितलं, एवेर लेदेस्मा, पोसो मिस्तोल. साहेबांनी चष्मा लावून फाइल काढली. म्हणाले, हा थांबा तर मी बारा तारखेलाच मंजूर केला. एका दिवसापुरता, दोन मिनिटं. माझ्या घरीच पत्र पाठवलं होतं त्या म्हाताऱ्याने, पत्ता कुठून शोधला देव जाणे. पत्र दाखवलं. जुन्या रेल्वेच्या कागदावर चार ओळी: आमचा पोरगा बहिणीबरोबर नाचायला येतोय. दोन मिनिटं गाडी थांबवा. झेंडा घेऊन मी उभा राहीन. खाली सही, एपिफानियो, आणि कंसात, स्टेशनमास्तर.

मी विचारलं, आणि माझी वही?
“कसली वही? अजून पोचली नाही. टपालाची गाडी लेट आहे.”
मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “पण पोरा, तू इथे काय करतोयस? तुझी गाडी खाली उभी आहे.”
दोघांनी खिडकीतून बघितलं.
उभी होती.

आमच्या डोळ्यांदेखत सुटली. घड्याळात दहा वाजून एक मिनिट. साहेब म्हणाले, आश्चर्य आहे, अकरा वर्षांत वेळेवर सुटलेली मी बघितली नाही. त्यांनाही मनापासून वाईट वाटलं. माते पुढे केला. मी घेतला.

दुपारी ३
बसस्टँड. आज-उद्या उत्तरेला एकही सीट नाही. पुढची गाडी पुढच्या शुक्रवारी. आईला फोन करायचा धीर नाही. गाडी गावात पोचेपर्यंत काहीतरी सुचेल.

३० नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४
काही सुचलं नाही.

मिलीचा फोन. मागे सगळं गाव बोलत होतं. एरवी यावेळी गाव झोपलेलं असतं.
“दादा, गाडी थांबली रे.”
मी म्हटलं, हो का.
सगळं सांगितलं तिने. केसांना रोलर लावलेले तशीच पळत गेली म्हणे. बँडवाले, आई, मामा, मामाची कोंबडी, सगळे फलाटावर. गार्डने कागद बघून माझं नाव तीनदा पुकारलं. कोणी उतरेना. दोन मिनिटं झाली. एपिफानियोकाकांनी हिरवा झेंडा वर करायचा होता, त्यांनी केला नाही. गार्ड ओरडला. ते म्हणाले, पोरगं सामान काढत असेल, तेवढं तर थांबाल. एकेका डब्यात डोकावून आले. सत्तर वर्षांचा माणूस, त्या उन्हात. अकरा मिनिटं गाडी उभी. मग टोपी काढली, झेंडा दाखवला.

मी न आल्याचं काही कारण सांगणार होतो. तयार होतं. रेल्वेची चूक कशी आहे ते.
मिली म्हणाली, “मग आता मी कुणाबरोबर नाचू?”
मागे बँडवाला काहीतरी जुळवत होता.
मी म्हटलं, काका आहेत का तिथे?
“टोपी हातात घेऊन उभे आहेत. तू वाट चुकला असशील म्हणतात.”
“त्यांना म्हण टोपी घाला. आणि तुझ्याबरोबर नाचा. मी सांगितलंय म्हण.”

ती रडली थोडी, मग हसली. म्हणाली, त्यांना येतं तरी का रे? मी म्हटलं, पोत्यापेक्षा बरं येत असेल.

रात्री ८
चार किलो न्योकी चिकटून एकच गोळा झालाय. सुरीने कापून उकडला. २९ ची न्योकी ३० ला, एकट्याने. आता तिथे वॉल्ट्झ सुरू झाला असेल. ताटाखाली नोट ठेवतात. खिशात हात घातला तर तिकीट आलं, तेच ठेवलं.

पान ८३ असलेली वही अजून वाटेत कुठेतरी आहे. नेल्दाबाई सांगत होत्या, टपालाची गाडी रुळावर अडकलीय, कधी पोचेल सांगता येत नाही.
माझी काही तक्रार नाही.