सात नंबरचं पुस्तक

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

ग्रंथपाल बद्रीनाथ सरांनी फर्मान काढलं — "बाई, विज्ञान दिनाला वाचनालयात बोर्ड लावायचाय. यंत्रं, शोध, शोध लावणारी माणसं. वाचावीत अशी दहा पुस्तकं. यादी तुम्हीच करा."

मी! अठरा वर्षं इथं पुस्तकं देते-घेते, पण त्या विज्ञानाच्या कपाटातलं एक पान उघडलेलं नाही. ते कपाट माझ्या सत्यमचं. शाळा सुटली की बसमधून इथं औरंगपुऱ्यात उतरायचा अन् माझी ड्युटी संपेपर्यंत त्याच्यापुढं फतकल मारून बसायचा.

नाही म्हणायला पाहिजे होतं.

१३ फेब्रुवारी

दोन वाचून झाली. वाफेचं इंजिन काही कळलं नाही, पण माणसं कळली. घरात नुसता पसारा! तारा, चाकं, खिळे. ह्यांच्या आयांनी कसं चालवून घेतलं असेल?

मी नाही घेतलं.

१७ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. चार वर्षं झाली, या वहीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सत्यम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. अजिंठ्याच्या मामासाठी मक्याची कणसं सोलायचं यंत्र बनवत होता. मोटरची तांब्याची तार एकेक वेढा मोजत स्वतः गुंडाळलेली. सगळं पलंगाखाली एका पोत्यात. मी दिवाळीची साफसफाई काढली, पोतं दिसलं — मला वाटलं, मोड! धनत्रयोदशीला नवं भांडं तर घ्यायचंच असतं. भांड्यांच्या दुकानात पोतं मोडीत दिलं अन् बदल्यात स्टीलचा मोठा डबा आणला. वर कौतुकानं त्याचंच नाव घालून घेतलं — चि. सत्यम.

संध्याकाळी तो आला. पलंगाखाली वाकून बघितलं. मग डब्यावरचं नाव वाचलं. "आई, विचारायचं तरी." एवढंच. अन् मी काय म्हणाले? "भंगारासाठी सणाचं तोंड पाडू नकोस!"

चुकलं म्हणायला काय झालं होतं मला? जीभ झिजली असती का?

पुढं चाकणला नोकरी लागली, गेला. त्याच्या बाबांशी फोनवर तासभर बोलतो. माझ्याशी — "हं. बरं. ठेवतो." घरी आलाच नाही. त्या डब्यातून रोज तांदूळ काढते अन् रोज त्याचं नाव वाचते. लई आठवण येते.

२१ फेब्रुवारी

नऊ पुस्तकं झाली. दहावं सापडेना — निळ्या पुठ्ठ्याचं, शिवणयंत्रापासून विमानापर्यंतच्या शोधांचं. सातवीत असताना सत्यमनं पहिल्यांदा नेलं, मग माझ्या कार्डावर कितीदा नेलं असेल! रजिस्टरला शेरा आहे — गहाळ. तरी सातवीतलं म्हणून यादीत सात नंबरला तेच लिहिलं.

सर म्हणाले, "अहो, नसलेलं पुस्तक वाचा म्हणून लोकांना कसं सांगायचं?"

म्हटलं, राहू द्या ना, सर.

"मग पुढं 'सध्या गहाळ' तरी लिहा!"

लिहिलं.

२४ फेब्रुवारी

पुन्हा कपाटाच्या मागं हात घालून बघितला. नाय.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. उपास. प्रत्येक पुस्तकापुढं एकेक ओळ लिहायला बसले. सहा भराभर झाली, सातपाशी पेन अडलं. साबुदाणा गार झाला. मग लिहिलं — "घर आवरायला काढण्याआधी आयांनी हे वाचावं. मी वाचलं नाही अन् माझ्या मुलाचं यंत्र मोडीत घातलं. चुकलं माझं."

ह्यांनी वाचलं. "अगं, बोर्डावर? सगळं गाव वाचेल!"

वाचू दे. एकानं वाचलं म्हणजे झालं.

२८ फेब्रुवारी

बोर्ड लागला. सर सात नंबरपाशी थांबले, चष्मा पुसला, अन् आत गेले. पुसून टाका म्हणाले नाहीत, देव भलं करो त्यांचं.

फोटो काढून सत्यमला पाठवला. खाली काही लिहिलं नाही, बोर्डावर होतंच सगळं. दुपारी निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलंय! पण उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत दहादा तरी फोन बघितला. नाहीच.

१ मार्च, शनिवार

सकाळी मेसेज — "आई, सात नंबर गहाळ नाही. जाताना मीच घेऊन आलो होतो. परत द्यायला घरी येऊ का?"

येऊ का, म्हणे! अरे, घरी यायला विचारायचं असतं व्हय!