उंदरांच्या खोलीतला नियम

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे मी पुढे काय काम करणार हे तुम्हाला कळलंच नाही. मी उंदरांची हृदयं थकताना बघते, पगार घेऊन. अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदराच्या पिल्लाच्या छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला सैल दोरा बांधतात. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. हृदय त्या दोऱ्याशी झगडून जाड होतं, मग दमतं. निरोगी हृदय मुख्यतः चरबी जाळून चालतं. दमलेलं साखरेकडे वळतं, आणि शेवटी तीही त्याला नीट वापरता येत नाही. घरातले डबे भरलेले असावेत आणि शेगडीच पेटू नये, तसं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं घाटकोपरचं स्वयंपाकघर आठवलं आणि मी पुस्तक मिटलं.

त्या आठवणीत तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत बसूनच झोपता. आडवं झालं की दम लागतो म्हणता. आई ओवा भाजून देते, कारण सगळ्यांच्या मते तो पोटातला गॅस आहे. जेवण कमी झालंय, तरी विजार कमरेला घट्ट होते, आणि आई शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगते, "आता जरा अंगानं भरलेत." ते थकलेल्या हृदयामुळे अंगात साठलेलं पाणी होतं, बाबा. न खाता उंदराचं वजन असं वाढलं की आम्हाला पुढचं ठाऊक असतं.

आमच्याकडे एक नियम आहे. तुलनेसाठी काही पिल्लांची छाती उघडून नुसतीच शिवतात, दोरा बांधतच नाहीत. कोणाला दोरा आहे हे रोज त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्याला, म्हणजे मला, शेवटपर्यंत सांगत नाहीत. मला तरी कळतंच. कोपऱ्यात फुगून बसलेला, श्वासागणिक पोट हलणारा उंदीर मी दारातूनच ओळखते. नवी असताना मी एका पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "अंदाज आला तरी बोलायचं नाही गं. एकदा बोललीस की तुला तेच दिसत राहणार." तेव्हापासून मी बोलत नाही. सवय अंगात पार मुरली आहे.

दादा आता तुमच्या वयाला आलाय. दिंडोशीच्या कोर्टात कारकून आहे. जिना चढताना मध्येच थांबतो आणि मोबाइल बघत असल्यासारखं करतो. आज रविवार म्हणून जेवायला आला, आणि चार घास खाऊन त्यानं ताट बाजूला सारलं. "ॲसिडिटी आहे यार, वडापाव बंद केला की झालं," म्हणाला. मोजे काढले तर घोट्यांवर खोल वळ. आई मात्र खुशीत होती. "अंगानं भरलाय ना गं जरा?" तिनं मला विचारलं. तेच शब्द. मला इतकी भीती वाटली की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

आता औषधं तुमच्या वेळेपेक्षा बरी आहेत. वेळेत धरलं तर माणसाला पुष्कळ वर्षं मिळतात. दादाला सांगायचं एकच वाक्य आहे, आणि ते सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय, जिथं काही पोहोचत नाही. तो आत लवंडलाय. आत्ताच त्यानं हाक मारून आणखी एक उशी मागितली. मी नेऊन दिली, डोक्याखाली नीट सरकवली, आणि बाहेर येऊन पुन्हा तुम्हालाच लिहायला बसले.