बारा डबे, एका ओळीत

आई, दिवाळी चार दिवसांवर आली आहे. ताई पोरांना घेऊन वांगणीहून येणार, बरोबर तिचे सासू-सासरे येणार, म्हणून आज सकाळपासून आम्ही दोघांनी स्वयंपाकघर उपसून काढलं. भिंतींना चुना दिला, फळ्या धुऊन उन्हात टाकल्या, पितळेची भांडी चिंचेने घासून अंगणात पालथी घातली. डबे पुसता पुसता ही म्हणाली, "अहो, यांच्यावर नावं लिहून द्या ना. एवढं चांगलं अक्षर आहे तुमचं, माझी शोधाशोध वाचेल." मी डोळे दुखतात म्हणालो आणि ओटीवर येऊन बसलो. डबे तेच आहेत, तुझ्या वेळचे. त्यांच्यावरचे कागद केव्हाच निघून गेले.

ते डबे मी आणले ती दिवाळी तुला आठवत असेलच. मी अंबरनाथच्या कारखान्यात गोदामात पेट्या उचलत होतो. अण्णा गेल्यावर शाळा सहावीतच सुटली होती, पण अक्षर वळणदार होतं, आणि गोदामात लिहिणाऱ्याची जागा रिकामी व्हायची होती. साहेबांना मी पाडव्याच्या फराळाला या म्हणून विचारलं. ते येतील असं मला वाटलंच नव्हतं. "येऊ की. मंडळींनाही आणतो, तिला बदलापूर गाव बघायचंय," ते म्हणाले, आणि तिथून पुढे पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. घरी येऊन मी आपलं स्वयंपाकघर साहेबांच्या डोळ्यांनी बघू लागलो. चेपलेला तुपाचा डबा, त्यात तू मीठ ठेवायचीस. कान तुटलेल्या बरणीत साखर. डाळी गाडग्यांत, तिखट नारळाच्या करवंटीत. तू चुलीपुढून न उठता, न बघता हात मागे न्यायचीस आणि हवं तेच हाताला लागायचं. मला मात्र त्या सगळ्याची लाज वाटली.

कॅम्प चारमध्ये एक सिंधी पत्र्याचे डबे करायचा. कॅम्पाला उल्हासनगर म्हणायची सवय तेव्हा कुणाला नव्हती. मी अकरा मागितले, तर तो म्हणाला, "बारह लो साईं. घर में मेहमान आएगा तो लाइन बराबर दिखना चाहिए." माझ्या मनातलंच बोलला. बाराही डबे एका मापाचे, एका झाकणाचे. मग जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, पेन्सिलीने रेघा आखल्या, टाकाने नावं लिहिली आणि रेघा पुसून काढल्या. 'पिठीसाखर' नीट लिहिली आहे ना, हे विचारायला मास्तरांच्या घरी जाऊन आलो. तुझी गाडगी परसात नेऊन ठेवली.

तू पदराला हात पुसत फळीसमोर उभी आहेस. "झ्याक दिसतान," तू म्हणतेस. मग जरा थांबून, "सगले एकसारखेच हायेत रं. आता मीठ कंचा नि साखर कंची?"

"लिहिलंय ना त्याच्यावर."

"व्हय, लिवलंय खरा," तू म्हणालीस आणि हसलीस. मीही हसलो.

दोन दिवसांत तू तुझी सोय करून घेतलीस. साखरेच्या झाकणाच्या कडीला दोरा, मिठाच्या डब्याला चुन्याचं बोट, रव्याला कोळशाच्या दोन रेघा, तिखटाला जुन्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी. पाडव्याच्या सकाळी तू मांजर्लीच्या अंगाला नदीवर गेलेली असताना मी ते सगळं पाहिलं. दोरे कापले, चिंध्या सोडल्या, चुना आणि कोळसा ओल्या फडक्याने पुसला. तू परत आलीस, ओलं लुगडं खांद्यावर तसंच, आणि फळीकडे बघत राहिलीस.

"दोरं कुटं गेलं रं?"

"पाहुणे येणार आहेत. घाण दिसत होतं ते."

"बरा," तू म्हणालीस. एवढंच. भांडली असतीस तर मला पुढे बरं पडलं असतं.

साहेब आणि त्यांची मंडळी आली. मास्तरांकडून मागून आणलेल्या खुर्च्यांवर बसली. करंज्या, चकल्या झाल्या आणि तू गरम शिरा करायला आत गेलीस. रवा भाजल्याचा वास आला. मग झाकणं उघडल्याचे आवाज येऊ लागले. नव्या पत्र्याची झाकणं घट्ट, प्रत्येक उघडताना खणकन वाजे. एक, दोन, चार. "जरा इकडं ये रं," तू दारातून हाक मारलीस. मी ऐकलं आणि साहेबांना नदीच्या पुराविषयी सांगत राहिलो. पुन्हा झाकणं वाजली. मग करपल्याचा वास आला.

मी आत गेलो. सात डबे उघडे जमिनीवर, तू उकिडवी बसून आठव्याशी झटतेस, बोटाला मीठ लागलेलं, आणि चुलीवर रवा काळा पडलेला. मी दातांतल्या दातांत म्हणालो, "एवढं मोठं लिहिलंय, दिसत नाही का तुला?"

"हलू बोल. पावनं हायेत," तू म्हणालीस. मला सांभाळून घेत होतीस तू, तेव्हाही.

तेवढ्यात साहेबांच्या मंडळी दारात आल्या. "काही लागलं का हो खाली?" त्यांनी विचारलं. तू उठलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "माझाच ध्यान नव्हता, बाय. म्हातारपन." तेव्हा तू पंचेचाळिशीचीही नसशील. आणि मग, मी काही बोलायच्या आत, "ह्ये बघा, माझ्या पोरानं लिवलंय. बघा अक्षर."

त्या बाई कौतुकाने पुढे झाल्या आणि एकेक डबा फळीवर ठेवत मोठ्याने वाचत गेल्या. रवा. बेसन. पोहे. मीठ. "अहो, इकडे या, अक्षर बघा याचं." प्रत्येक नावाला तू मान हलवत होतीस. त्यांना वाटलं असेल, आईला लेकाचा अभिमान. मी तुझे ओठ बघत होतो. तू नावं मागोमाग म्हणत होतीस, बोटांच्या पेरांवर मोजत होतीस. कितवा कोणता, ते पाठ करत होतीस.

मला ती जागा मिळाली. साहेब हसत म्हणाले होते, आमच्या घरातून शिफारस आहे. तू ओळ कधी हलू दिली नाहीस. डबा काढला की तिथंच परत, घर सारवतानाही. एकदा मात्र विचारलंस, "साखर कशी लिवतान, तेवढा दाव मना." मी म्हणालो, रविवारी बसू. असे रविवार खूप आले. पुढच्या पावसाळ्यात तू आजारी पडलीस आणि गणपतीआधी गेलीस.

हे पत्र मी घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवणार आहे. हिच्या हाती लागायला नको. ताईला आणि हिलाही तो पाडवा मी गंमत म्हणून सांगितला आहे, की घाईत बघा, आईला वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. दोघी हसल्या होत्या. ते खरं नाही. लक्षात आलं होतं. 'साखर' लिहितानाच आलं होतं. टाक खाली ठेवून मी जरा वेळ बसलोही. मग ओटीवर साहेबांची खुर्ची मांडायची होती तिथून फळी नीट दिसते की नाही, ते उठून बघून आलो, आणि 'मीठ' लिहायला घेतलं.