फोन बिघडलेला नाही

ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून खरं सांगतो.

फोन बिघडलाय, असं मी तुलाही कळवलं आणि चिमीलाही सांगितलं. ते खोटं होतं. सहा वर्षं आम्ही परदेशात राबलो आणि तिला वाढवलंस तू. सुट्टीत इथं आणली, पण तुझा आवाज ऐकला की दोन दोन दिवस ती जेवायची नाही. सोमवारी तिची इथली शाळा सुरू होतेय. तोवर रुळावी म्हणून मी तुमचं बोलणंच तोडलं.

आज पुस्तकांना कव्हरं घालताना ती म्हणाली, "बाबा, आत्या गेली ना? खरं सांगा, मी रडणार नाही."

मी म्हणालो, "कात्री दे इकडे."

तिनं कात्री दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन आमच्या हिला म्हणाली, "आई, भूक लागली. वाढ ना."

आई असं ती पहिल्यांदाच म्हणाली. हिला आनंदानं रडू आलं. पोर पोटभर जेवली, ताई. मी देवापुढे उभा राहिलो, पण हात जोडवेनात.

तू जिवंत आहेस, एवढंच तिला सांगायचं आहे. तेवढंही माझ्यानं होत नाही.

तुझ्या पाठचा,
अपराधी भाऊ