दाराचा चतकोर

पिंपळगाव, ता. फुलंब्री
८ डिसेंबर २०२४

चि. करुणास तुझ्या आजीचा, म्हणजे भामाबाईचा, जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र कशाला, फोन नाय का, म्हणशील. फोन तुझ्या पप्पाच्या खिशात असतो, आणि मला बोलायचंय त्याच्याबद्दलच. म्हणून समोरच्या भागूबाईची सून सुलेखा, तिला धरून बसवलंय. मी बोलते, ती लिहिते. मधी मधी हसते, ते लिहीत नाय.

तू कम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास सोडणार, असं कानावर आलं. कारण काय, तर तू काढलेलं टेबल पडद्यावरनं हरवलं आणि पोरं हसली. अगं, तुझे आजोबा बाजारात जाऊन अख्खा बैल हरवून आले होते. त्यांनी काय शेती सोडली?

आता माझं ऐक. तूर निघाली की सांडू, म्हणजे तुझा बाप, जुनं घर पाडून नवं बांधतोय. मिस्त्रीनं त्याच्या डोक्यात भरवलंय की दार एकच, सडकेकडं. बोळीकडं सलग भिंत. अन् बोळीकडं तर माझं दार आहे! त्या दारात मी, समोरच्या दारात भागूबाई. गावाची निम्मी खबर आम्हीच निवडून-पाखडून पुढं धाडतो. ते दार बुजलं तर मी काय भिंतीशी बोलू? सांडू म्हणतो, दोन दारं केली तर जिना बसत नाय. कागदावर बसवून दाखव, मग ठेवतो. मी कागद उलटा धरते हे माहीत असून म्हणतो! तर तू दाखव. सुलेखानं टेपनं मापं घेतलीत, सोबत आहेत.

जेवत जा. लोभ आहेच, तो उन्हात वाळत घालू नको.

तुझी आजी


हर्सूल, छ. संभाजीनगर
१७ डिसेंबर २०२४

ती. आजीस करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

क्लास सोडला नाही. टेबलही सापडलं. मीच इतकी लांब गेले होते की ते मुंगीएवढं होऊन कोपऱ्यात बसलं होतं. मॅडमनी झूम केलं, आलं समोर. इथं काहीही अडकलं की एस्केपचं बटण दाबायचं, लगेच सुटका.

आतापर्यंत वाळूजच्या कंपन्यांना लागतात तसले नट आणि पट्ट्या काढत होते. कुठली रेघ कशासाठी, काही कळायचं नाही. तुझं घर काढायला घेतलं आणि प्रत्येक रेघ ओळखीची निघाली. जिना कोपऱ्यात वळवला आणि तुझं दार बसलं, आजी! नकाशा सोबत आहे. आधी तू बघ, मग पप्पांना दाखव.

सुलेखावहिनींना जयभीम. माया कर नाहीतर रागव, पण लिही.

तुझी करुणा


पिंपळगाव
२६ डिसेंबर २०२४

चि. करुणास जयभीम, आशीर्वाद आणि एक कानपिळी. वि. वि.

कागद पोचला. सुलेखा वाचायला पुढं झाली, मी म्हणलं, तू सरक, यात अक्षर कुठंय? हा मी वाचते. चूल सापडली, जिना सापडला. पण दरेक दारापाशी तू भाकरीचा चतकोर का काढून ठेवलास? भागूबाई म्हणली, कुत्र्यासाठी असंल. मी म्हणलं, शहरात शिकलेली पोरगी, पाहुण्यांसाठी असंल.

मग सांजच्याला माझं दार लोटायला गेले. ते खाली घासतंय, ठाऊक आहे तुला. सारवलेल्या भुईवर त्यानं ओरखडा काढलाय, तो बघितला आन् हसूच आलं. हाच की तो चतकोर! दार जिथनं जिथनं फिरतं, तेवढी त्याची वाट.

आता कानपिळी. तुझा कागद घेऊन मी सडकेकडं पाठ करून उभी राहिले. माझ्या दाराचा चतकोर बोळीकडं नायच, पल्याडच्या कडुबाच्या गोठ्याकडं निघतोय! सकाळी दार उघडलं की म्हशीचं तोंड. भागूबाई म्हणती, फार काय फरक पडणार नाय, म्हस जास्त ऐकून घेईल.

लवकर नीट कर. तूर निघाली, मिस्त्री चुन्याची आखणी करायला येतो म्हणतोय. त्याच्या आत कागद आला नाय, तर भिंतच.

आन् ते एस्केपचं बटण आमच्या लग्नाच्या वेळी कुठं होतं, विचार मॅडमला.

तुझी आजी


हर्सूल
३१ डिसेंबर २०२४

ती. आजीस सविनय जयभीम. वि. वि.

कान लाल झाला. चूक अशी झाली की, घर पालटून बघावं म्हणून मी मिरर केलं. आरशात दिसतं तसं डावं उजवं झालं. मग कम्प्युटरनं विचारलं, मूळ पुसू का? मी न वाचताच हो म्हटलं. खरं घर पुसलं गेलं आणि आरशातलं राहिलं. मी ते तुला धाडलं! वाचता येऊन हे हाल.

आता सरळ केलंय. दार आत उघडतं, म्हणजे बाहेर पायरीवर तुम्हा दोघींना बसायला जागा मोकळी. मॅडमना सगळं सांगितलं. आता क्लासमध्ये त्या खुणेला सगळे चतकोरच म्हणतात. हसणाऱ्यांतला शिवम काल माझ्याकडे येऊन विचारत होता, माझा चतकोर भिंतीत का घुसतोय?

नवा नकाशा सोबत. पप्पा काय म्हणाले ते मात्र लगेच कळव, जीव टांगणीला आहे.

तुझी करुणा


पिंपळगाव
९ जानेवारी २०२५

चि. करुणास आजीचा जयभीम. वि. वि.

आधी निकाल. दार राहिलं!

जुनं घर पाडलं, मिस्त्री चुना घेऊन आला. जिना वळव म्हणलं, तर म्हणला, वळणाचा जिना लई कटकटीचा. मी तुझा नवा कागद पुढं केला. त्यानं बघितला, परत बघितला, म्हणला, बसतंय खरं. सांडूनं त्याच्या हातनं कागद घेतला. लिंबाखाली जाऊन एकेका रेघेवर बोट फिरवत राहिला. मला वाटलं, आता नाय म्हणतो. आला आन् मिस्त्रीला म्हणला, पोरीनं काढलंय तसंच आख. तवापासून तो कागद त्याच्या खिशात आहे, फोनच्या वर. पिठाच्या गिरणीत सुद्धा दाखवून आला. आखणीत दार पहिल्यापरीस थोडं अरुंद झालंय. झालं तर झालं, मी पण झालेय.

एप्रिलात भीमजयंतीला ये, तवर भिंती उभ्या असतील. दार बघायला ये.

आजवर दरेक कागदावर अंगठाच उठवला मी. आज सुलेखाकडनं पेन मागून घेतलाय. अक्षर येत नाय मला, पण दार येतं. खाली काढते, तीच माझी सही समज.

(करुणा, इथं खाली मावशींनी स्वतः काढलंय. आधी रेघ, मग चतकोर. हात थांबला नाही, चतकोराची अर्धी भाकर झाली. मी म्हटलं, दुसऱ्या कागदावर काढा. तर म्हणाल्या, राहू दे, दार सताड उघडं आहे म्हणून कळव तिला. – सुलेखा)